कोपरा फाडलेली चौदा कार्डं

अमरावतीला मला पहिली नोकरी लागली तेव्हा राजापेठेच्या मागच्या गल्लीत एक खोली रिकामी आहे असं कळलं, म्हणून पाहायला गेलो. घरमालकांनी मला टोपीपासून चपलेपर्यंत नीट पाहून घेतलं आणि विचारलं,

"तुमी मेले तर कोणाकोणाले कळवाचं?"

मी तेव्हा बावीस वर्षांचा, धडधाकट, नुकताच शाळामास्तर झालेला. खोलीला खिडकी किती आणि विहिरीचं पाणी गोड का खारं, एवढेच प्रश्न मनात घेऊन आलो होतो. मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी एक लांबोडकी वही मांडीवर घेतली आणि टाक दौतीत बुडवून ते वाट पाहत बसले.

"भाड्याचं मंग पाहू," ते म्हणाले. "पहिले यादी."

मी निमूटपणे चौदा नावं सांगितली. अकोल्याला वडील, पेन्शनर हेडमास्तर. मग काका, मामा, आत्या. सातवं नाव ताईचं. माझी थोरली बहीण, अंजनगाव सुर्जीला पानमळेवाल्यांच्या घरी दिलेली. प्रत्येकाचं नाव, गाव, पोस्ट त्यांनी वळणदार अक्षरात उतरवून घेतलं. शेवटच्या रकान्यात बातमी कशी द्यायची ते लिहायचं असे: कार्ड, तार किंवा माणूस. ताईपुढे पत्त्यासाठी तिच्या नवऱ्याचं, भावजींचं नाव घेऊन त्यांनी 'कार्ड' लिहिलं. मग टाक पुसला आणि किल्ली माझ्या हातात दिली. भाडं किती ते सांगायला ते विसरले. मी तिसऱ्या दिवशी आठवण केली तेव्हा सांगितलं.

ती वही आज माझ्याकडे आहे. माझ्या नावाचं पान अजून मिटलेलं नाही, म्हणजे चौदा नावं आहेत पण माझी बातमी जायची आहे.

वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची ही गोष्ट. गल्लीत सगळे घरमालकांना काका म्हणत, पाठीमागे कार्डवाले काका. ते अमरावतीच्या कचेरीत रेकॉर्डकीपर होते आणि पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी हे काम अंगावर घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देत नव्हतं आणि दिले असते तर त्यांनी देणाऱ्याला ओट्यावरून खाली उतरवलं असतं. गल्लीत कुणाच्या घरी मयत झाली की बायकांचा आवाज ऐकू यायच्या आत काका काळा कोट चढवून दारात हजर. बगलेत मांजरपाटाची पिशवी. तिच्यात कोरी कार्डं, टाक, दौत, टीपकागद आणि ती वही. लोक लाकडं आणायच्या, तिरडी बांधायच्या गडबडीत असत. काका एका कोपऱ्यात मांडी घालून लिहायला बसत. पहिल्या वेळी पाहणाऱ्याला वाटे, हा माणूस किती कोरडा! मलाही वाटलं होतं.

त्यांच्या कामाला क्रम होता आणि तो ब्रह्मदेव आला असता तरी बदलला नसता. पहिला दिवस माणसांचा, दुसरा सरकारचा, तिसरा वस्तूंचा. पहिल्या दिवशी सगळ्या नातेवाइकांना कार्डं. दुसऱ्या दिवशी म्युनिसिपालिटीच्या मृत्यूच्या रजिस्टरात नोंद, पेन्शन असेल तर ट्रेझरीला अर्ज, शेत असेल तर पटवाऱ्याला चिठ्ठी. तिसऱ्या दिवशी मेलेल्याच्या घरात कुणाकुणाच्या वस्तू आहेत त्या शोधून परत करायच्या. वाचनालयाचं पुस्तक, शेजारचा पाटा, मागून आणलेली छत्री. एकदा एका वकिलाच्या मयतीनंतर त्यांनी ज्याच्याविरुद्ध वकिलाचा स्वतःचा दावा चालू होता त्यालाही कार्ड टाकलं. वकिलाचा मुलगा चिडला. काका म्हणाले, "तो वीस वर्सं तुह्या बापाशी भांडला. तुह्या मावसभावापेक्षा त्याचा संबंध जास्त होता." तो माणूस दहाव्याला आला आणि खरोखर मावसभावापेक्षा जास्त रडला.

आणि सर्वांत शेवटी दूधवाला. सगळ्या नातेवाइकांना कार्डं मिळाली असतील असा हिशेब करून, मगच ते दूधवाल्याला सांगत की अमक्यांकडे आता पावशेर कमी घाल. घरच्यांनी आधीच सांगितलं असेल तर ते अस्वस्थ होत, कपाळाला आठ्या घालून गल्लीत येरझारा घालत. हे खूळ आम्हाला कळत नसे. आम्ही त्यावरून त्यांची भरपूर थट्टा करायचो.

कार्डाचा मजकूर तीन ओळींचा. अमुक अमुक आज सकाळी वारले. दहावा अमक्या दिवशी. कळावे. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते' असं कुणी घालायला सांगितलं की ते मान हलवत.

"दुःख ज्याचं त्याले होईन. आपण कायले लिहाचं?"

तारेवर त्यांचा विशेष राग होता. आमच्याकडे माणूस गेला तरी तारेत 'प्रकृती गंभीर, ताबडतोब निघा' असंच लिहायची चाल. वाचणारा अर्ध्या रस्त्यात समजतो आणि उरलेला अर्धा रस्ता देवाला नवस बोलत काढतो. काकांना ते खपत नसे. "मेला तर मेला लिहा. त्याले गाडीत बसून रडू द्या, आल्यावर धक्का कावून देता?" असं म्हणून त्यांनी तार मास्तरशी कितीदा तरी वाद घातला असेल.

कार्ड लिहून झालं, शाई वाळली की मग कोपरा. अशुभ कार्डाचा कोपरा फाडायचा, म्हणजे घेणाऱ्याला दुरूनच कळतं, तो ते घरात नेत नाही, बाहेरच वाचतो, तिथेच फाडून टाकतो आणि अंगावर पाणी घेतो. काका कोपरा पोस्टाच्या पेटीजवळ उभं राहून फाडत, घरात नाही. कातर लावत नसत. दोन बोटांत धरून हळूच, एका ओढीत. फाडलेले तुकडे खिशात ठेवत आणि घरी येऊन चुलीत टाकत.

म्युनिसिपालिटीतल्या कारकुनाला त्यांनी सळो की पळो करून सोडलं होतं. मरणाच्या कारणाच्या रकान्यात तो सरसकट 'ताप' लिही. एकदा आमच्या गल्लीतला एक माळी संत्र्याच्या झाडावरून पडून गेला. कारकुनाने न विचारताच 'ताप' लिहिलं.

"अहो, माणूस झाडावरून पडला अन् तुमी ताप लिहून राहिले?"

"पडल्यावर आलाच असंल ना ताप," कारकून म्हणाला.

काका तिथे बाकावर बसून राहिले. कचेरी बंद व्हायच्या वेळेला कारकुनाने हात टेकले आणि 'झाडावरून पडून' असं लिहिलं. घरी येताना काका मला म्हणाले, "त्याच्या नातवाले कधी कळलं पाहिजे का आबा झाडावर होता. खाटेवर नव्हता."

पलीकडे बागवानांचं घर होतं, फळांचे व्यापारी. त्यांचे म्हातारे गेले तेव्हाही काका पिशवी घेऊन गेले. थोरल्या मुलाने सांगितलं, "हमारे में कोना नहीं फाडते, चाचा." काकांनी मान डोलावली, सगळी कार्डं शाबूत ठेवली. पण पेटीत टाकताना त्यांचा हात दोनदा कोपऱ्याकडे गेला आणि दोनदा त्यांनी तो मागे घेतला. मी शेजारी उभा होतो. मला हसू आलं, त्यांना नाही.

आता कावळ्याची गोष्ट सांगतो. तिच्याशिवाय काका पुरे होत नाहीत.

मला त्या खोलीत दोन वर्षं झाली असतील. हिवाळ्याचे दिवस. मी शाळेत असताना दुपारी पोस्टमन आला. माझ्या नावाचं कार्ड, कोपरा फाडलेला. असं कार्ड तो दाराखालून सरकवत नसे, काकांच्या हातात देई. काकांनी ओट्याखाली उभं राहून वाचलं: माझे वडील वारले. लगेच, रिवाजाप्रमाणे, फाडून टाकलं. अंगावर दोन तांबे घेतले. मग वही काढली, माझं पान उघडलं आणि लिहायला बसले. मी त्यांच्या लेखी दुःखात होतो, म्हणून मला त्रास द्यायचा नाही. दोन वाजता सगळी कार्डं पेटीत. यादीतल्या बाबांच्या जागी, माझ्या बोलण्यातून कळलेले त्यांचे थोरले चुलतभाऊ घातलेले, म्हणजे पुन्हा चौदाच. आणि मग ते शाळेत आले.

शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून त्यांनी मला सरळ सांगितलं. "तुमचे वडील वारले. काल सकाळी. पाच मिनिटं बसा, मंग निघा. टांगा बाहेर उभा हाये. यादीची चिंता करू नका, सगळ्याइले कळवलं."

बडनेऱ्याहून अकोल्यापर्यंतचा तो प्रवास मला आठवत नाही. मी खिडकीकडे तोंड करून रडत होतो एवढं आठवतं. समोरच्या बाईने मला पाणी दिलं.

अकोल्याला घरी पोचलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. ओट्यावर वडील बसले होते. मांडीवर सूप आणि सुपात हरभऱ्याचे घाटे, ते सोलत होते.

"आला का?" ते म्हणाले. "बरं झालं. रडला का?"

मी पायरीवरच बसलो. आतून आई धावत आली आणि तिनेही तेच विचारलं, "रडला ना रे? नीट सांग. खरं रडला का?"

हळूहळू उलगडा झाला. दोन दिवसांपूर्वी वडील विहिरीवर आंघोळ करत असताना कावळा त्यांच्या डोक्यावर येऊन बसला. नुसता शिवला नाही, बसला. आमच्याकडे हे मरणाचं बोलावणं मानतात. त्यावर तोड एकच: त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी जवळच्या कुणाला तरी पाठवायची. तो रडला की मरण फसतं, आपलं काम झालं समजून परत जातं. मग दुसऱ्या दिवशी खरी बातमी पाठवायची. वडील हेडमास्तर, त्यांचा या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण आईने अन्नपाणी सोडलं.

"म्हून मीच लिहिलं कार्ड," वडील म्हणाले. "माह्या मरणाची बातमी दुसऱ्याच्या अक्षरात जावी हे मले पटलं नाई. तुह्यायेवढं घट्ट काळीज कोणाचं नाई, म्हून तुलेच पाठवलं. दुसरं कार्ड आज टाकलं. तुले माहं अक्षर ओळखू आलं नाई का?"

मी कपाळाला हात लावला. ते कार्ड मी पाहिलंच नव्हतं. पाहिलं असतं तर पहिल्या ओळीतच वडिलांचं वळण ओळखलं असतं. पण कोपरा फाडलेलं कार्ड ठेवायचं नसतं, म्हणून काकांनी ते वाचताक्षणी फाडलं होतं. आणि त्या फाडलेल्या कार्डावर विसंबून चौदा कार्डं निघाली होती.

"चौदा?" आई म्हणाली. मग तिने माझा हात धरला. "ताईले?"

"हो," मी म्हणालो.

ताईला आठवा महिना होता. याआधी दोनदा तिचं पोट पडलं होतं. सुइणीने आणि डॉक्टरीणबाईंनी तिला अंजनगावाहून हलायलाही मना केलं होतं, म्हणून तर ती माहेरी आली नव्हती. कुणी दारात मोठ्याने बोललं तरी तिची सासू त्याला गप्प करी. आणि उद्या दुपारी मूर्तिजापूरहून छोट्या गाडीने टपालाची पिशवी अंजनगावला जाणार होती. तिच्यात ते कार्ड होतं. आई खाली बसली आणि कावळ्याला, पोस्टाला आणि माझ्या घरमालकाला शिव्या देऊ लागली. त्या क्षणी मीही तिच्या बाजूने होतो. मी काकांवर मनापासून चिडलो होतो. एवढी चौदा नावं लिहिणाऱ्याला, एक बाई पोटुशी आहे हे विचारावंसं वाटलं नाही?

सकाळी तार ऑफिस उघडताच मी काकांना तार केली: वडील जिवंत. बातमी खोटी. अंजनगावला निघतो. मग वडिलांना घेऊन गाडीत बसलो. पत्रापेक्षा आधी माणूस पोचवायचा, एवढंच आमच्या हातात होतं.

मूर्तिजापूरला उतरलो तर फलाटावर काका उभे. काळा कोट, बगलेत पिशवी. तार हातात पडली तेव्हा ते ट्रेझरीला लिहायला बसले होते, तो त्यांचा सरकारचा दिवस होता. पेन्शन थोडक्यात वाचली. तेरा जणांना त्यांनी दुसरी कार्डं लिहिली होती: बातमी चुकीची. वारले नाहीत. कळावे. तेराही कोपरे शाबूत. चौदावं, ताईचं, त्यांनी लिहिलं नव्हतं. ते उशिरा पोचलं असतं. म्हणून ते स्वतः आले होते.

त्यांनी वडिलांना वाकून नमस्कार केला. वडील म्हणाले, "तुमीच का ते? माहं काम भलतंच लवकर आटोपलं तुमी."

समोर हमाल मोठ्या गाडीतून टपालाची पिशवी उतरवून छोट्या गाडीत टाकत होते. काका तिच्याकडे पाहत राहिले.

"मागून पाहा ना," मी म्हणालो. "तुमचंच कार्ड आहे."

"टाकलेलं कार्ड टाकणाऱ्याचं राहत नाई," ते म्हणाले. "ते आता तुमच्या भावजीचं हाये. मी कसा मागू?"

मला इतका संताप आला की मी त्यांच्या शेजारी बसलो नाही. छोटी गाडी निघाली. ती इतकी हळू चालते की माणूस खाली उतरून बोरं वेचून परत चढू शकतो. एका डब्यात आम्ही तिघं, मागच्या डब्यात वडिलांचं मरण, आणि दोन्ही एकाच चालीने अंजनगावकडे चाललेली. दर्यापूर गेलं तेव्हा माझा धीर सुटला.

"ताईला कशाला लिहिलं?" मी ओरडलो. "तिला काही झालं असतं तर? समजा खरं असतं, तरी आठव्या महिन्यात कुणी कळवतं का?"

काका खिडकीबाहेर पाहत होते. मग त्यांनी सांगितलं, सरळ, कार्डातल्या मजकुरासारखं. तरुणपणी ते खात्याच्या परीक्षेला नागपूरला गेले होते. महिनाभर तिथे होते. परीक्षा पास झाले, बायकोसाठी नागपुरी लुगडं घेतलं आणि अमरावतीला आले. गल्लीच्या तोंडाशी दूधवाला भेटला. त्याने विचारलं, "मालक, आता दूध किती घालू?"

"मले समजेना, कावून इचारते. मंग समजलं," काका म्हणाले. "ती जाऊन बारा दिस झाले होते. घरच्याइनं कळवलं नाई. परीक्षा बुडन म्हणे. माह्या भल्यासाठीच केलं त्याइनं. लुगडं हातात होतं माह्या."

दूधवाल्यावरून केलेली सगळी थट्टा मला आठवली आणि माझीच मला लाज वाटली. वडिलांनी पिशवीतून घाटे काढून काकांच्या ओंजळीत ठेवले.

"खरं असतं तर तुमच्या बहिणीले कळवलंच असतं," काका घाटा सोलत म्हणाले. "आजबी तेच म्हणतो. पण हे खोटं हाये. खोटं माह्या हातानं गेलं, म्हून मी जाऊन राहिलो."

अंजनगावच्या स्टेशनावर टपालवाला पिशवी खांद्यावर टाकून पोस्टात गेला. आम्ही दमणी केली आणि गाडीवानाला बैलांना हाणायला लावलं. ताई अंगणात पाटावर बसून विड्याची पानं लावत होती. बाबांना पाहून ती उठायला लागली, तशी तिच्या सासूने तिला दाबून बसवलं. वडील तिच्याजवळ खाली बसले. माझा जीव भांड्यात पडला. मी सासूबाईंना बाजूला नेऊन कावळ्याचं सांगितलं आणि त्यांनी तोंडाला पदर लावला.

काका मात्र आत आले नाहीत. ते बाहेर ओट्याखाली उभे राहिले, पोस्टमनची वाट पाहत.

घटकाभराने पोस्टमन आला. त्याच्या हातातलं कार्ड त्याने लांब धरलं होतं. काका पुढे झाले, पण ते नाव भावजींचं होतं आणि भावजी मळ्यात. पोस्टमन काही काकांच्या हातात कार्ड देईना आणि काकांनीही हात पुढे केला नाही. तेवढ्यात ताई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. कुणाचं ऐकणारी नव्हतीच ती. तिने फाडलेला कोपरा पाहिला आणि तांब्या उंबऱ्यावर ठेवला.

"कोण गेलं?" तिने विचारलं. "बाबा, कोण गेलं?"

"मी," वडील म्हणाले, आणि पुढे होऊन त्यांनी ते कार्ड घेतलं. "आण इकडे. हे माहंच हाये."

ताई आधी त्यांच्याकडे पाहत राहिली. मग हसली. पोटावर हात धरून हसली, इतकी की सासू घाबरली. मग रडली, बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून, आणि बाबा तिच्या पाठीवर थोपटत आईचा निरोप असल्यासारखं म्हणाले, "चला. आता कावळ्याचं पुरतं फिटलं." कार्ड त्यांनी वाचलं, अक्षर चांगलं आहे म्हणून मान डोलावली आणि बाहेरच फाडून टाकलं. तेव्हा कुठे काका आत आले.

त्यांना चहा दिला. ताई त्यांच्यासमोर बसली.

"पोरी," ते म्हणाले, "माह्या हातानं खोटं आलं तुह्या दारी."

"आता मी तुमच्या कार्डावर भरवसाच नाई ठेवत, काका," ताई डोळे पुसत म्हणाली. "खरं असलं त तुमी सोता या सांगाले."

ती चेष्टेत बोलली. काकांनी कप खाली ठेवला, पिशवीतून वही काढली, माझं पान उघडलं आणि सातव्या नावापुढचं 'कार्ड' एका रेघेने खोडून तिथे 'माणूस' लिहिलं. आम्ही सगळे हसलो. टीपकागद दाबून ते म्हणाले, "हसा. लिहिलेलं बरं असते."

ताईला दीड महिन्याने मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचं कार्ड काकांना आलं तेव्हा त्यांनी ते आधी चारी कोपऱ्यांनी तपासून पाहिलं, मग वाचलं. वडील त्यानंतर नऊ वर्षं जगले. आई त्याचं सगळं श्रेय कावळ्याला देई. काका आणि वडील यांची मात्र मैत्री जमली. संक्रांतीच्या सुमारास काका अकोल्याला येऊन आठ दिवस राहत, दोघं ओट्यावर बसून घाटे सोलत आणि अकोल्याच्या म्युनिसिपालिटीतल्या कारकुनाच्या चुका काढत.

वडील शेवटच्या दुखण्यात पडले तेव्हा काका आधीच येऊन बसले होते. त्यांची सत्तरी उलटली होती, गुडघे वाकत नव्हते. पहाटे वडील गेले. आईचं रडणं ऐकून गल्ली जमली. काका कोपऱ्यात भिंतीला टेकून लिहायला बसले. या वेळी मला ते कोरडे वाटले नाहीत. ते एक ओळ लिहीत, थांबत, मग दुसरी. उजाडलं तेव्हा त्यांनी कार्डं माझ्या हातात दिली. मी मोजली. तेरा.

"चौदावं?"

त्यांनी वही माझ्यापुढे धरली. सातवं नाव. खोडलेलं 'कार्ड', पुढे 'माणूस'.

"काका, मी कुणाला तरी पाठवतो," मी म्हणालो. "तुमचे गुडघे..."

"माणूस म्हंजे मी," ते म्हणाले. "ते त्या दिवशीच ठरलं."

"निदान बाबांना पोचवून तरी या."

त्यांनी वडिलांकडे पाहिलं. मग त्यांच्याजवळ जाऊन त्यांच्या पांघरुणाची सुरकुती नीट केली आणि सकाळच्या गाडीला निघून गेले. आम्ही वडिलांना नेलं तेव्हा त्यांचा सगळ्यात जवळचा मित्र खांदा द्यायला नव्हता. तो छोट्या गाडीत बसून अंजनगावकडे चालला होता.

पुढचं मला ताईने सांगितलं. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. तिची मुलगी आत आली आणि म्हणाली, "आई, भायेर एक आबा उभे हायेत. आत या म्हटलं त येत नाईत."

ताई पिठाच्या हातांनी बाहेर आली. काका ओट्याखाली, रस्त्यावर उभे होते. टोपी हातात. ताईने त्यांच्या मागे पाहिलं, बाबा कुठे आहेत म्हणून. गल्लीच्या टोकापर्यंत पाहिलं. रस्ता रिकामा होता.

"आत या ना काका," ती म्हणाली.

"आज नाई येत, पोरी."